इंजेक्शन इंजिनाचे कार्ब्युरेटरमध्ये रूपांतर

मोटारगाडीच्या पेट्रोल इंजिनातील इंधन अंतःक्षेपण यंत्रणा काढून टाकून तिच्या जागी कार्ब्युरेटर बसवण्याच्या क्रियेला हे नाव आहे. कार्ब्युरेटर हा आत खेचल्या जाणाऱ्या हवेच्या जोरावरच पेट्रोल ओढून घेणारा व दोहोंचे मिश्रण करणारा यांत्रिक भाग असून, अंतःक्षेपण पद्धतीत हेच काम संवेदक, इलेक्ट्रॉनिक नियंत्रक (गॅरेजच्या भाषेत ‘ईसीएम’) आणि पेट्रोलचा मोजका फवारा सोडणारे इंजेक्टर मिळून करतात. भारतात ही पद्धत ‘एमपीएफआय’ या संक्षेपाने ओळखली जाते. नियंत्रक निकामी होणे, वायरिंग उंदरांनी कुरतडणे, सुटे भाग महाग पडणे किंवा गाडी कोणत्याही मिस्त्रीकडून दुरुस्त व्हावी अशी इच्छा असणे ही रूपांतराची नेहमीची कारणे होत. प्रस्तुत नोंदीत सातारा व सांगली या जिल्ह्यांतील परिस्थितीचा विशेष विचार केला आहे.

तत्त्व : पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४·७ भाग हवा लागते. हवा यापेक्षा कमी असल्यास मिश्रण ‘रिच’ आणि जास्त असल्यास ‘लीन’ म्हटले जाते. कार्ब्युरेटरमध्ये हवा अरुंद घशातून वेगाने जाते, तेथे दाब घटतो आणि त्या दाबफरकामुळे फ्लोट चेंबरमधील पेट्रोल ‘जेट’ या ठरावीक छिद्रातून वर खेचले जाते. सोलेक्स बनावटीच्या कार्ब्युरेटरात जेटवरील आकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शतांशांत दाखवतो, म्हणजे १२० क्रमांकाच्या जेटचे छिद्र १·२० मिमी. असते. छिद्र एकदा ठरले की मिश्रण ठरले. धुरातून बाहेर काय पडते आहे हे कार्ब्युरेटरला कळत नाही. अंतःक्षेपण इंजिनात मात्र धुराच्या नळीतील लॅम्डा संवेदक उरलेला प्राणवायू सतत मोजतो आणि नियंत्रक त्यानुसार इंधन कमीजास्त करतो. रूपांतरात खऱ्या अर्थाने गमावली जाते ती ही परतवार्ता. इंजेक्टर जाणे ही त्या मानाने गौण बाब आहे.

इतिहास : फवारा पद्धतीचा कार्ब्युरेटर १८९०च्या दशकात युरोपात प्रचारात आला. बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक अंतःक्षेपण यंत्रणा १९६७ मध्ये फोक्सवॅगन गाड्यांत, तर लॅम्डा संवेदक १९७६ मध्ये व्होल्वो गाड्यांत प्रथम आला. भारतात प्रीमियर पद्मिनी, अँबॅसडर आणि १९८३ च्या अखेरीस आलेली मारुती ८०० या गाड्या कार्ब्युरेटरवरच वाढल्या. सर्व देशात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेविरहित पेट्रोल आणि १ एप्रिल २००० पासून युरो-१ च्या धर्तीवरील उत्सर्जन मानके लागू झाली आणि त्या सुमारास गाड्यांतून कार्ब्युरेटर झपाट्याने नाहीसा झाला. भारत स्टेज-४ मानके १३ शहरांत २०१० मध्ये आली. त्यांत पुणे व सोलापूर होते, सातारा व सांगली नव्हते. त्यामुळे त्या शहरांत विक्री थांबलेली मारुती ८०० या दोन जिल्ह्यांत त्यानंतरही नवी मिळत राहिली. तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. परिणामी एमएच-१० (सांगली), एमएच-११ (सातारा) व एमएच-५० (कराड) या क्रमांकांवर साध्या रचनेच्या, आता जुन्या झालेल्या अंतःक्षेपण गाड्यांचा एक वर्ग तयार झाला.

यांत्रिक बदल : थ्रॉटल बॉडी व इंजेक्टर काढून त्यांची भोके बुजवावी लागतात आणि कार्ब्युरेटर बसेल असा इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे हवा सिलिंडरांत वाटून देणारा नळीसमूह, लावावा लागतो. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या गाडीतही हा भाग अदलाबदल होईलच असे नाही. मारुती जिप्सीच्या १,२९८ घ.सेंमी. इंजिनाच्या कार्ब्युरेटर आवृत्तीत ८ झडपा होत्या, तर अंतःक्षेपण आवृत्तीत १६. सिलिंडर हेडच निराळे असल्याने जुना मॅनिफोल्ड नव्या इंजिनावर बसत नाही आणि एक तर हेडसह सर्व वरचा भाग बदलावा लागतो किंवा मॅनिफोल्ड नव्याने घडवावा लागतो.

टाकीतील विद्युत पंप अंतःक्षेपणासाठी साधारण २·५ ते ३ बार दाब देतो, तर कार्ब्युरेटरच्या फ्लोटची सुई ०·२ ते ०·३ बारपेक्षा फारसा जास्त दाब पेलू शकत नाही. दाब न उतरवता जोडणी केल्यास सुई उचलली जाऊन पेट्रोल ओसंडते आणि ते तापलेल्या इंजिनावर पडते. म्हणून कमी दाबाचा पंप किंवा दाबनियामक व टाकीकडे परत जाणारी नळी आवश्यक ठरते. इंजिन बंद पडताच पंप तोडण्याचे काम मूळ गाडीत नियंत्रक करतो. नियंत्रक काढल्यावर अपघातानंतरही पंप चालूच राहण्याचा धोका असतो आणि त्यासाठी स्वतंत्र खटका लावणे भाग असते. साध्या रूपांतरात हा खटका सर्वांत आधी विसरला जातो.

ठिणगीची वेळ : अंतःक्षेपण इंजिनात ठिणगी किती अंश आधी पडावी हेही नियंत्रकच ठरवतो. कार्ब्युरेटरच्या काळात हे काम ‘डेल्को’मधील (डिस्ट्रिब्युटरला मिस्त्री वापरतात तो शब्द) फिरती वजने व निर्वात पडदा करीत. ज्या इंजिनांत डेल्को बसवण्याची जागाच ठेवलेली नाही तेथे ठिणगीपुरता नियंत्रक कायम ठेवावा लागतो आणि त्याबरोबर क्रँक संवेदक व वायरिंगही ठेवावे लागते. नियंत्रक बिघडला म्हणून रूपांतर हाती घेतले असेल तर येथे मूळ हेतूच निकालात निघतो.

जुळवणी : इंजिन पूर्ण तापल्यावर एअर स्क्रू हळूहळू फिरवून फेरे सर्वाधिक होतील ती जागा शोधतात, मग थ्रॉटलचा स्क्रू सोडून फेरे पुन्हा खाली आणतात आणि हे दोनतीनदा करतात. मुख्य जेटची पारख रस्त्यावर होते : गाडी भार देऊन पळवावी, चढावरच इंजिन बंद करावे आणि स्पार्क प्लग काढून पाहावा. प्लगच्या टोकावरील पांढरे चिनीमातीचे आवरण फिकट विटकरी दिसले तर मिश्रण योग्य, कोरडी काजळी धरली तर रिच आणि खडूसारखे पांढरे राहिले तर लीन समजतात. शिसेविरहित पेट्रोलमुळे हे रंग पूर्वीइतके स्पष्ट उमटत नाहीत, त्यामुळे या पारखीवर किती विसंबावे याविषयी जाणकारांत एकमत नाही.

उंचीचा परिणाम : या प्रदेशात हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मी. उंचीवर, तर महाबळेश्वर सुमारे १,३५० मी. उंचीवर आहे. प्रमाणित वातावरण गृहीत धरल्यास या चढात हवेची घनता ७ ते ८ टक्क्यांनी घटते. कार्ब्युरेटरच्या घशातून जाणाऱ्या हवेचे वजन घनतेच्या प्रमाणात घटते, परंतु जेटमधून येणारे पेट्रोल घनतेच्या वर्गमुळाच्याच प्रमाणात घटते. त्यामुळे मिश्रण सुमारे ४ टक्क्यांनी रिच होते, म्हणजे सांगलीत १४·७ वर लावलेली गाडी पसरणी घाट चढून पाचगणी ओलांडेपर्यंत १४·१ च्या आसपास पोहोचते. गाडी ओढत नाही, धूर काळपट होतो व अॅव्हरेज पडते. उलट महाबळेश्वरात नेमकी लावलेली गाडी आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरल्यास मिश्रण १५·७ पर्यंत लीन होते आणि झडपा तापण्याचा संभव वाढतो. कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरतानाही असाच, पण सौम्य बदल होतो. अंतःक्षेपण इंजिनात दाबसंवेदक व लॅम्डा संवेदक हा फरक चालकाच्या नकळत भरून काढतात.

उष्म्याचा प्रश्न वेगळा आहे. कमी दाबाच्या नळीतील पेट्रोल उन्हाळ्यात वाफाळून ओघ तुटतो, ज्याला ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. फिअट व अँबॅसडरच्या काळात घाटात गाडी थांबवून पंपावर ओले फडके टाकण्याची रीत यातूनच पडली. जत, आटपाडीकडील उन्हाळ्यात रूपांतरित गाडीला ही अडचण पुन्हा येऊ शकते, कारण अंतःक्षेपणाच्या नळीतील जादा दाबामुळे मिळणारे संरक्षण उरत नाही.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल : पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचे केंद्र सरकारचे प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाले, तेव्हा निवडलेल्या मोजक्या ठिकाणांत मनमाडबरोबर सांगली जिल्ह्यातील मिरजही होते. हा भाग साखर कारखान्यांचा असल्याने तेथील कार्ब्युरेटर गाड्यांना मिश्र इंधनाची ओळख देशातील बहुतेक भागांच्या आधी झाली. पुढे २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले, २०२२ मध्ये देशाची सरासरी १० टक्क्यांवर गेली आणि २०२३ पासून २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल टप्प्याटप्प्याने आले.

इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू असल्याने ते जाळण्यास वजनाच्या सुमारे ९ पटच हवा लागते. २० टक्के मिश्रणाला सुमारे १३·५ पट. शुद्ध पेट्रोलसाठी घेतलेला जेट या इंधनावर ७ ते ८ टक्के लीन चालतो. तीच गाडी महाबळेश्वरला नेल्यास उंचीमुळे येणारा ४ टक्के रिचपणा त्यातून वजा होतो, म्हणजे दोन दोष एकमेकांना अर्धेअधिक झाकतात. परंतु परत सांगलीत उतरताच लीनपणा पूर्ववत होतो. मोठा जेट घालणे हा त्यावरचा सरळ उपाय आहे, मात्र इंधनातील प्रमाण पुन्हा बदलल्यास तोही चुकीचा ठरतो. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेते आणि कार्ब्युरेटरचे फ्लोट चेंबर हवेला उघडे असते; पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीत तळाशी पाणी साचून जस्त-अॅल्युमिनियमच्या ओतीव भागांवर पांढरा क्षार धरतो व स्लो जेट बुजतो. जुने रबरी वॉशर व पडदे फुगतात.

कायदा व तपासणी : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून भिन्न होईल असा बदल मालकाला करता येत नाही; अपवाद मुख्यतः मंजूर संच वापरून अन्य इंधनाकडे वळण्याचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार सुटे भाग बसवून केलेल्या अननुज्ञेय बदलास प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकते.

पीयूसी तपासणीत चारचाकी पेट्रोल गाडीला मंद फेऱ्यांवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा जुन्या, भारत स्टेज-२ पूर्वीच्या गाड्यांसाठी ३ टक्के, भारत स्टेज-२ व ३ साठी ०·५ टक्के आणि भारत स्टेज-४ साठी ०·३ टक्के आहे. हायड्रोकार्बनची मर्यादा अनुक्रमे १,५००, ७५० व २०० भाग प्रति दशलक्ष आहे. गाडीची मर्यादा तिच्या निर्मितीच्या मानकावरून ठरते, बसवलेल्या यंत्रणेवरून नव्हे. भारत स्टेज-४ पासून २,५०० फेऱ्यांच्या आसपास लॅम्डा (प्रत्यक्ष व आदर्श मिश्रणाचे गुणोत्तर) १ पासून ०·०३ पेक्षा अधिक ढळू नये अशीही अट आहे. सांगली ते महाबळेश्वर एवढ्या चढानेच ०·०४ चा फरक पडतो, हे पाहता सांगलीत नेमका १ वर लावलेला ठरावीक जेटचा कार्ब्युरेटर महाबळेश्वरात ही अट पाळू शकत नाही. रिच मिश्रणातील न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीतील उत्प्रेरक जाळीत जळून ती वितळण्याचाही संभव असतो.

गॅस मिक्सर : या रूपांतराचा कायद्यात बसणारा जवळचा प्रकार म्हणजे एलपीजी किंवा सीएनजी संच. अशा जुन्या संचांत थ्रॉटलच्या आधी अरुंद घशाचा मिक्सर बसवत आणि गॅसवर चालताना इंजेक्टर बंद ठेवत. तत्त्वतः हा गॅसचा कार्ब्युरेटरच होय. त्याची नोंद आरसी बुकात होते.

प्रादेशिक पार्श्वभूमी : या जिल्ह्यांत यंत्रकामाची परंपरा जुनी आहे. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये वसली, सातारा रोड येथील कूपर कारखान्यात १९३०च्या दशकात डिझेल इंजिने तयार होऊ लागली (देशातील पहिले डिझेल इंजिन कोणाचे, याविषयी मतभेद आहेत) आणि सांगलीत १९४७ मध्ये सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय पुढे वालचंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. शेतीपंपांमुळे येथे अंतःक्षेपणाचा परिचय प्रथम डिझेलच्या ‘पंप-नोझल’ रूपात झाला. कार्ब्युरेटरचे कसब मात्र दुचाकींतून रुजले. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्स कंपनीची ‘प्रिया’ स्कूटर साताऱ्यातच बनत असे. कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे येथील एका कारागिराने दुचाकीच्या भागांतून चारचाकी घडवली, तेव्हा ती नियमांत बसत नसल्याचे सांगूनही उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी डिसेंबर २०२१ मध्ये तिचे जाहीर कौतुक केले व नंतर तिच्या बदल्यात बोलेरो दिली.

अन्यत्र : अमेरिकेत शर्यतीच्या व हौशी गाड्यांच्या व्ही-८ इंजिनांवर कार्ब्युरेटरचा मॅनिफोल्ड व ठिणगीचा स्वतंत्र नियंत्रक बसवण्याचे तयार संच मिळतात. नॅसकार शर्यती २०१२ मध्ये उलट दिशेने, कार्ब्युरेटरकडून अंतःक्षेपणाकडे गेल्या.

सद्यस्थिती : भारत स्टेज-६ मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाल्यावर दुचाकींतूनही कार्ब्युरेटर हद्दपार झाला आणि नव्या गाड्यांतील दोषनिदान यंत्रणेमुळे हे रूपांतर व्यवहारात अशक्यप्राय झाले. जुन्या गाडीचा नियंत्रक दुरुस्त करणे किंवा वापरलेला बसवणे हाच आता बहुतांशी सोयीचा मार्ग ठरतो. कार्ब्युरेटरची दुरुस्ती जुन्या दुचाकी, गवत कापणी यंत्रे आणि बागांतील पाठीवरचे पेट्रोल फवारणी पंप यांपुरती चालू आहे.