निळ्या काटेरी पॉपीची कुळकथा

पडीक रानात उगवणारा पिवळा धोत्रा आपल्या ओळखीचा. त्याच्याच, म्हणजे खसखशीच्या कुळातलं एक फूल हिमालयात तीन-साडेतीन हजार मीटरवर खडकांच्या कपारीत उमलतं. ऑगस्टमध्ये व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जाऊन आलेल्या मराठी ट्रेकरांच्या फोटोंत ते हमखास असतं: आभाळी पाकळ्या, मधोमध पिवळ्या केसरांचा झुबका आणि देठापासून बोंडापर्यंत राठ, टोचरी लव. सहारनपूरच्या सरकारी बागेचे प्रमुख राहिलेले जॉन फोर्ब्ज रॉयल यांनी १८३४ मध्ये त्याला नाव दिलं, मेकोनॉप्सिस अ‍ॅक्युलिआटा.

ब्रिटनमधले बागकरीही ते लावतात, पण तिथे साध्या वाफ्यात ते कुजतं. थंडीचं त्याला भय नाही. हिमालयात पावसाळाभर ते भिजतं, पण कपारीत पाणी साचत नाही. हिवाळ्यात पानं वाळतात आणि जमिनीलगतचा कोंब बर्फाखाली कोरडा राहतो. ब्रिटनमध्ये नेमका हिवाळाच भिजट.

म्हणून त्याला कपारीसारखी, पाणी न साचणारी जागा हवी. दगडांची बाग तिथे आधीपासून होती. लंडनच्या चेल्सी फिजिक गार्डनमध्ये १७७३ साली आइसलँडचा लाव्हा वापरून ती रचली गेली, क्यूच्या वनस्पती उद्यानात १८८२ साली. पण दगड बहुधा शोभेपुरते. बागलेखक रेजिनाल्ड फॅरर यांनी १९०७ च्या ‘माय रॉक गार्डन’मध्ये पुडिंगवर बदाम खोचावेत तशा रोवलेल्या दगडांवर सडकून टीका केली. मला त्यांचं म्हणणं पटतं. दगड निम्म्याहून अधिक पुरला, तर त्याच्याखाली उन्हाळ्यातही गारवा आणि ओल टिकते, आणि या झाडाचं लांब सोटमूळ तिथवर पोचतं. माती पानकुजीची, भरड वाळूची, चुनखडी नसलेली. कोंबाभोवती बारीक खडी. हिवाळ्यात वर एक काच, चारी बाजूंनी वारा खेळेल अशी. या साऱ्या खटाटोपात मला सर्वांत आवडते ती ही काच. बर्फाचं काम तिच्याकडे सोपवलेलं असतं.

एवढं करूनही झाड मुक्कामाला राहत नाही. दोन-तीन वर्षं नुसत्या पानांचा गुच्छ, मग एकदाच बहर, बी धरलं की मरण. म्हणून बागेतला त्याचा वंश बियांवर चालतो. अल्पाइन गार्डन सोसायटी (१९२९) आणि स्कॉटिश रॉक गार्डन क्लब (१९३३) यांचे सदस्य आपापसांत बी वाटतात. ते ताजंच पेरावं लागतं, जुनं क्वचितच रुजतं. जाणते बागकरी दरसाल थोडं पेरतात. मग एकाच कपारीत यंदा फुलणारं झाड असतं आणि पुढच्या वर्षीचंही.