सीडी लेखन (घरगुती)

घरच्या संगणकावरील रायटरने कोऱ्या चकतीवर (सीडी-आर) गाणी किंवा फायली उतरवण्याची क्रिया. रायटरमधील सुमारे ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर चकतीतील रंगद्रव्याच्या थरावर खुणा उमटवतो. त्या पुन्हा पुसता येत नाहीत. नेहमीच्या चकतीत ७०० एमबी मजकूर किंवा ८० मिनिटांचे संगीत मावते. एमपी३ केल्यास १२८ केबीपीएस दराने तेवढ्याच जागेत साधारण १२ तास बसतात.

पुण्यात २००० नंतरच्या दशकात हे घरोघरी चाले. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीतून कोऱ्या चकत्या आणायच्या आणि ‘नीरो’सारख्या सॉफ्टवेअरने राइट करायच्या. लग्नाचे फोटो, प्रोजेक्ट रिपोर्ट, गणपतीच्या आरत्या, काहीही. मात्र खरे कौशल्य लागे ते शास्त्रीय संगीताच्या जुन्या कॅसेटींना. टेपची वायर साउंडकार्डच्या लाइन-इनमध्ये खुपसून कॅसेट पूर्ण वाजू द्यावी लागे, म्हणजे तासाच्या कॅसेटला तासभर. ख्यालाचे भाग पाडून ‘ट्रॅक-अॅट-वन्स’ पद्धतीने राइट केले, की मध्येच दोन सेकंदांची शांतता येऊन तान तुटे. त्यासाठी ‘डिस्क-अॅट-वन्स’ हा पर्याय निवडावा लागे.

सुरुवातीच्या रायटरांना माहितीचा पुरवठा क्षणभर खंडला तरी चकती वाया जाई. सान्योच्या ‘बर्न-प्रूफ’ तंत्राने (२०००) हा ताप संपवला. चकतीवर बॉलपेनने नाव लिहू नये: परावर्तक थर छापील बाजूलाच, लॅकरच्या पातळ लेपाखाली असतो.