मिनिएचरवर गंज, चिखल आणि झीज: वेदरिंग म्हणजे काय आणि ते कोणत्या क्रमाने करायचं?

टेबलावर छोटे सैनिक आणि रणगाडे मांडून, फासे टाकून जे युद्धाचे खेळ खेळतात त्यांना टेबलटॉप वॉरगेम म्हणतात. गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीने १९८७ साली आणलेला 'वॉरहॅमर ४०,०००' हा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध खेळ. यातली मिनिएचर्स सुट्या भागांत येतात. ती आपणच जोडायची आणि आपणच रंगवायची.

पण रंगवून झालेला रणगाडा नुकताच शोरूममधून आणल्यासारखा दिसतो. तो वापरलेला वाटावा म्हणून त्यावर गंज, पोपडे, ओघळ आणि चिखल दाखवतात. यालाच वेदरिंग म्हणतात. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि हे प्रयोग भंडारा जिल्ह्यातल्या दिघोरीत, घरीच करतो. एका रणगाड्यावर २०-२५ तास सहज जातात आणि इथे 'अनडू' नाही. म्हणून क्रम समजून घेणं महत्त्वाचं.

आधी ठरवा: यंत्र चालू आहे की पडून?

यासाठी सगळ्यात चांगला संदर्भ शेतात मिळतो. रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधीत फिरणाऱ्या ट्रॅक्टरची लोखंडी केजव्हील पाहा. चिखलात घासून पट्ट्या चकचकीत होतात. तीच चाकं हंगामानंतर गोठ्यामागे पडली की तांबूस होतात. नांगराच्या फाळाचंही तेच. वापरातलं लोखंड चमकतं, पडून राहिलेलं गंजतं.

म्हणजे लढणाऱ्या रणगाड्याच्या पट्ट्यांची जमिनीला टेकणारी बाजू चंदेरी हवी आणि गंज खाचांत हवा. सगळीकडे सारखा तपकिरी रंग फासला तर तो भंगारातला वाटेल.

स्केलचं गणित

२८ मिमीच्या मिनिएचरचं प्रमाण साधारण १:६० धरता येतं. म्हणजे मॉडेलवरचा १ मिमीचा ओरखडा प्रत्यक्षात ६ सेंटीमीटरचा. म्हणून पोपडे शक्य तितके बारीक ठेवा. दारांच्या कडा, पायऱ्या, कोपरे, म्हणजे जिथे हात-पाय लागतात तिथेच द्या.

थरांचा क्रम

१. मूळ रंग आणि चकचकीत वार्निश: ॲक्रिलिक रंग पूर्ण वाळल्यावर ग्लॉस वार्निश द्या. हा तुमचा सेव्ह पॉइंट. यानंतरचा ऑइल रंगाचा थर बिघडला तरी पुसता येतो, खालचा रंग वाचतो.

२. पोपडे: स्पंजचा तुकडा गडद तपकिरी रंगात बुडवा, कागदावर जवळजवळ कोरडा करा आणि कडांवर हलकेच टेकवा. मोठ्या पोपड्याच्या खालच्या कडेला मूळ रंगाची फिकट रेघ ओढली की खोली दिसते.

३. वॉश: बर्न्ट अंबर ऑइल रंग मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून खाचांत सोडा. गुळगुळीत वार्निशवर तो केशाकर्षणाने खाचेतून आपोआप पळतो. खरखरीत मॅट पृष्ठभागावर तो तिथेच मुरतो आणि डाग पडतो. रंगाच्या दुकानातला एनसी थिनर मात्र वापरू नका, तो ॲक्रिलिक रंग आणि प्लास्टिक दोन्ही विरघळवतो.

४. ओघळ: बोल्टखाली ऑइल रंगाचा छोटा ठिपका द्या आणि टर्पेंटाइनने ओलसर केलेल्या ब्रशने वरून खाली ओढा. पाणी जसं वाहील तसंच.

५. मॅट वार्निश, मग धूळ: पिगमेंट पावडर शेवटी, कारण वरून वार्निश मारलं की धुळीचा कोरडेपणा जातो.

हेअरस्प्रेचा प्रयोग

गंजाच्या रंगावर हेअरस्प्रे, त्यावर वरचा ॲक्रिलिक रंग, मग पाणी लावून ब्रशने घासायचं. हेअरस्प्रेचा थर पाण्यात सुटतो आणि वरचा रंग पोपड्यासारखा निघतो. मी हे प्लास्टिकच्या तीन चमच्यांवर करून पाहिलं, फक्त वेळ बदलली. अर्ध्या तासाने घासलं तर मोठे पोपडे निघाले. एका दिवसाने बारीक निघाले. आठवड्याने जवळजवळ काहीच निघालं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि चमच्यामागे वेळ लिहून ठेवा.

भंडाऱ्याची माती, भंडाऱ्याचं पितळ

आपल्या जिल्ह्यात काळी कन्हार, पिवळसर सिहार, तांबूस मुरमाड बरडी अशा वेगवेगळ्या माती आहेत. माती वाळवून, तापवून, मलमलच्या कापडातून दोनदा गाळली की धुळीला पुरते. पातळ फेविकॉलने चिकटवल्यावर ती गडद दिसते, कारण कणांमधल्या हवेची जागा गोंद घेतो आणि प्रकाश कमी विखुरतो. म्हणून हवी त्यापेक्षा फिकट माती निवडा.

अंबर हा तपकिरी रंगसुद्धा मातीचाच. त्यात लोह आणि मँगनीजचे ऑक्साइड असतात. त्याच मँगनीजच्या खाणी तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे आहेत. खनिजाची भुकटी मात्र रंगासाठी आणू नका. मँगनीजची धूळ श्वासातून जाणं मज्जासंस्थेला घातक आहे. कुठलीही पावडर वापरताना मास्क लावा.

भंडारा पितळी भांड्यांसाठी ओळखला जातो. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक कळकतं आणि भांड्याच्या सांध्यात हिरवट-निळा कळंक धरतो. पितळेतल्या तांब्यावर हवा, ओल आणि आंबटाची क्रिया होऊन तो तयार होतो. मिनिएचरवरच्या पितळी चिलखतावर हाच रंग पातळ करून फक्त खाचांत द्या आणि उंचवटे पुसून घ्या. घासली जाणारी जागा स्वच्छ राहते.

नेहमीचे प्रश्न

*पावसाळ्यात स्प्रे वार्निश चालेल का?* टाळा. दमट हवेत त्यावर पांढुरका थर धरू शकतो. ब्रशने लावायचं ॲक्रिलिक वार्निश जास्त सुरक्षित.

*टर्पेंटाइन घरात वापरू का?* खिडकी उघडी ठेवून, गॅस आणि दिव्यापासून लांब. ऑइल रंगाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.

*कुठे थांबायचं?* प्रत्येक थरानंतर मॉडेल हातभर लांब धरा. खेळताना ते तेवढ्याच अंतरावरून दिसतं. तिथून यंत्र वापरातलं वाटलं की ब्रश धुऊन ठेवा.