पाणी आणि पीस : दिल्लीच्या वाटेवरील अर्थव्यवहार

मराठीवरील फारसीच्या प्रभावाचा विचार निघाला की अभ्यासकांचे लक्ष प्रथम परक्या दिसणाऱ्या शब्दांकडे जाते. अर्ज, फिर्याद, दरबार, फौज, जमीन हे शब्द आपले कुळ लपवीत नाहीत. त्यांची यादी करता येते, मोजदाद करता येते आणि एखाद्याला ते नकोसे वाटले तर त्यांच्या जागी दुसरे शब्द सुचवताही येतात. परंतु प्रभावाचा दुसरा एक प्रकार असा आहे की, ज्यात शब्द घरचाच राहतो आणि त्याच्या पोटातील अर्थ तेवढा बाहेरून येतो. हा व्यवहार यादीत सापडत नाही. तो पाहावयाचा तर अगदी नित्याच्या, कोशात कोणी सहसा न शोधणाऱ्या शब्दांकडे वळावे लागते. 'पाणी' आणि 'पीस' हे असे दोन शब्द होत. आणि त्यांच्या अर्थांचा माग काढीत गेले असता ती वाट दिल्लीच्या परिसरात जाऊन पोचते.

दिल्लीत निजामुद्दीनच्या पूर्वेस, मथुरा रस्त्यालगत, अब्दुर्रहीम खानखानान याची कबर आहे. ही इमारत त्याने स्वतःच्या पत्नीसाठी बांधविली आणि १६२७ मध्ये तो स्वतःही तेथेच विसावला. अकबराचा हा सेनापती फारसीचा जाणकार होता. बाबराच्या तुर्की आत्मचरित्राचे फारसी भाषांतर त्याने १५८९ मध्ये पूर्ण केले. त्याचबरोबर 'रहीम' या नावाने तो हिंदीचा लोकप्रिय दोहाकारही ठरला. त्याच्या एका सुप्रसिद्ध दोह्यात 'पानी' हा एकच शब्द तीन अर्थांनी योजिला आहे: मोत्याच्या संदर्भात तेज, माणसाच्या संदर्भात प्रतिष्ठा आणि 'चून' म्हणजे पीठ किंवा चुना यांच्या संदर्भात साधे पाणी. हा श्लेष केवळ कवीच्या चातुर्याचा नाही. फारसीतील 'आब' या शब्दात पाणी, रत्नाची झळाळी, पात्याची धार आणि मान हे सर्व अर्थ आधीपासूनच एकत्र नांदत होते. रहीमने त्या शब्दाऐवजी त्याचा देशी प्रतिशब्द ठेवला आणि फारसीची सारी अर्थसंपत्ती त्याच्या स्वाधीन केली.

या रहीमचा महाराष्ट्राशी आलेला संबंध येथे ध्यानात घेतला पाहिजे. १५९७ मध्ये गोदावरीकाठी झालेल्या लढाईत मोगल सैन्याचे नेतृत्व त्याच्याकडे होते. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला पडला तेव्हाही तो त्या मोहिमेत होता. आणि पुढील कित्येक वर्षे बुऱ्हाणपूर हे त्याचे ठाणे होते. त्याने मराठीस काही दिले असे कोणी म्हणणार नाही. तथापि ज्या वाटेने सैन्ये, कारकून आणि कारागीर येत-जात होते त्याच वाटेने अर्थही येत होते, याचे तो एक ठळक प्रतीक आहे.

ही वाट त्याच्याही पूर्वीची आहे. १२९६ मध्ये अलाउद्दीनाने देवगिरीवर स्वारी केली, १३१८ मध्ये यादवांची सत्ता संपली आणि १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीचे राजधानीपण दौलताबादेस हलविले. त्या निमित्ताने दिल्लीची बोली बोलणारी वस्ती दख्खनेत आली. आणि १३४७ मध्ये बहमनी राज्य स्थापन झाल्यावर फारसी ही कित्येक शतके दख्खनच्या दरबारांची भाषा झाली. ज्ञानेश्वरांची मराठी आणि पेशव्यांच्या दप्तरातील मराठी या दोहोंत जे अंतर दिसते, ते पुष्कळ अंशी या घडामोडींतून निर्माण झालेले आहे.

आता मराठीतील 'पाणी' पाहावे. हा शब्द संस्कृत 'पानीय' यावरून, म्हणजे 'पिण्याजोगे ते' या अर्थावरून, प्राकृताच्या द्वारे आला. त्याभोवती जे वाक्प्रचार जमले आहेत ते सर्व एका कुळातील नाहीत. एखाद्या वस्तूवर 'पाणी सोडणे' म्हणजे तिच्यावरील हक्क सोडणे. हा वाक्प्रचार दान देताना हातावरून उदक सोडण्याच्या विधीतून आला. त्यात परके असे काही नाही. 'पाणउतारा' ही गोष्ट निराळी. माणसाचे पाणी उतरते म्हणजे नेमके काय उतरते, याचा उलगडा केवळ मराठीच्या आधारे होत नाही. फारसीत 'आबरू' म्हणजे 'चेहऱ्याचे पाणी', मुखावरील तेज. तोच शब्द मराठीत 'अब्रू' होऊन आला. 'आब राखणे' या प्रयोगात मूळ शब्दच टिकून आहे. अब्रू उतरविणे आणि पाणउतारा करणे या दोन प्रयोगांची रचना शेजारी ठेवली म्हणजे दुसऱ्यात पहिल्याचे मराठी रूपांतर झाले असावे, हा तर्क बळकट होतो. 'पाणीदार' आणि 'आबदार' या जोडीचेही तसेच आहे. पाणीदार मोती, पाणीदार डोळे, पाणीदार माणूस ही वर्णने करताना मराठी वक्त्याला फारसीची आठवण होत नाही. होण्याचे कारणही नाही.

मात्र येथे घाई करून चालणार नाही. शस्त्राच्या 'पाण्या'चा विचार केला तर चित्र अधिक गुंतागुंतीचे होते. लोहार तापविलेले पाते पाण्यात बुडवून त्यास कठीणपणा आणतो. या क्रियेला मराठीत 'पाणी देणे' किंवा 'पाणी पाजणे' म्हणतात. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातील बृहत्संहितेत खड्गलक्षणाच्या प्रकरणात शस्त्रास निरनिराळे द्रव 'पाजण्या'ची कृती दिलेली असून तिला 'शस्त्रपान' असे नाव आहे. 'पानीय' आणि 'पान' ही दोन्ही रूपे 'पा', म्हणजे पिणे, या एकाच धातूची. म्हणजे पाते पाणी पिते आणि त्यामुळे धारदार होते, ही कल्पना दिल्लीच्या फारसीची वाट पाहत थांबलेली नव्हती. फारसीतील 'आब' आला तेव्हा त्यास बसावयास जागा तयार होती. अर्थाची उसनवारी बहुधा अशीच होते: ज्या शब्दात आधीच थोडी ओल असते, त्यातच बाहेरचा अर्थ रुजतो. 'पाणी जोखणे' या वाक्प्रचारात लोहाराच्या भट्टीतील पाणी, जवाहिऱ्याच्या तळहातावरील पाणी आणि रणांगणावरील माणसाचे पाणी अशी तिन्ही एकत्र आली आहेत. त्यांपैकी देशी कोणते आणि परके कोणते हे वेगळे काढणे आता कोणालाही शक्य नाही.

'पिसा'चा इतिहास याच्या उलट दिशेने गेला. 'पीस' हा शब्द संस्कृत 'पिच्छ' यापासून आलेला. 'पिसारा' हा त्याचाच विस्तार. याचे अनेकवचन 'पिसे' हे वेड या अर्थाच्या 'पिसे' या शब्दाशी उच्चाराने जुळते. पण तो दुसरा शब्द कोशकार 'पिशाच' याच्याशी जोडतात. दोघांचे नाते केवळ कानापुरते आहे. पक्ष्याचा पंख निराळा आणि त्या पंखातील पीस निराळे, हा भेद मराठी काटेकोरपणे पाळते. फारसीतील 'पर' या शब्दात मात्र पंख आणि पीस हे दोन्ही अर्थ सामावतात. हा शब्द मराठीत आला, परंतु त्यास येथे मोकळी जागा सापडली नाही. एका बाजूस 'पंख' आणि दुसऱ्या बाजूस 'पीस' आपापली कामे चोख बजावीत होते. परिणामी 'पर' हा मुख्यतः 'पराचा कावळा करणे' या एका वाक्प्रचाराच्या आश्रयाने जगला. पडलेले एक पीस पाहावे आणि कावळा पाहिल्याची वार्ता उठवावी, असे हे चित्र आहे. आज त्यातील 'पर' म्हणजे 'दुसरा' असा कोणी समज करून घेतला तर नवल नाही.

म्हणजे 'आबा'चा अर्थ आला आणि मराठी शब्दात मिसळून वाढला; 'पर' हा शब्दच आला आणि एका वाक्प्रचारात अडकून राहिला. शब्दाचे आयुष्य आणि अर्थाचे आयुष्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या दोन नित्याच्या शब्दांवरून जितके स्पष्ट होते तितके दरबारी शब्दांच्या मोठ्या यादीवरूनही होत नाही.

पिसाचा एक अर्थ मात्र शब्दकोशाबाहेर, व्यवहारात घडला. मोरचेल, म्हणजे मोरपिसांची चवरी, हे मोगल दरबारात राजपदाचे चिन्ह होते. तेच मोरपीस महाराष्ट्रात वासुदेवाच्या टोपावर पहाटे दारोदार फिरते आणि दान मागते. १७८४ मध्ये बादशहा शाह आलम याने पेशव्यास वकील-इ-मुतलक हे पद दिले आणि त्याचा कारभार महादजी शिंद्यांच्या हाती आला. १७९२ मध्ये त्या पदाची वस्त्रे आणि मानचिन्हे घेऊन महादजी पुण्यास आले. ज्या बादशहाच्या नावाने हा मान दिला गेला, तो १७७२ मध्ये मराठ्यांच्याच आश्रयाने दिल्लीस परतलेला होता आणि १७८८ मध्ये त्याचे डोळे काढण्यात आले होते. चिन्हे शिल्लक होती. त्यांतील पाणी ओसरले होते.

दिल्लीच्या बोलीत स्वतःस विशेष समजणाऱ्या माणसाविषयी उपहासाने विचारतात की, त्याला काय सुर्खाबाचे पर लागले आहेत? सुर्खाब म्हणजे संस्कृत काव्यातील चक्रवाक. हे पक्षी हिवाळ्यात उत्तरेकडून येतात. दिल्ली आणि नोएडा यांच्या सीमेवर यमुनेच्या पात्रात, १९९० मध्ये संरक्षित झालेल्या ओखला पक्षी अभयारण्यात, ते दिसतात. 'सुर्ख' आणि 'आब' मिळून हे नाव झाले. पीस आणि पाणी यांची अशी भेट अन्य शब्दात क्वचितच सापडेल.

या सर्व व्यवहाराचे महत्त्व केवळ व्युत्पत्तीपुरते नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडिताने राजव्यवहारकोश रचला आणि कारभारातील यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. स्वतंत्र राज्याची ती गरज होती. विसाव्या शतकात माधवराव पटवर्धनांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला आणि तेच पुढे भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. ज्याने परके शब्द सर्वांत बारकाईने ओळखले त्यानेच त्यांना निरोप देण्याचा आग्रह धरावा, यात विसंगती असलीच तर ती वरवरची आहे. खरा प्रश्न पुढे उरतो. 'अब्रू' हा शब्द बाजूस सारता येईल. त्याऐवजी 'प्रतिष्ठा' लिहिता येईल. पण 'पाणउतारा' याचे काय करावयाचे? त्यातील एकही अक्षर परके नाही. शुद्धीचा अधिकार शब्दांवर चालतो, अर्थांवर चालत नाही. आणि भाषेचा सर्वांत खोल इतिहास तर अर्थांतच साठलेला असतो.

याचा कठोर प्रत्यय ज्या गावात येतो ते पानिपत आज राष्ट्रीय राजधानी प्रदेशातच मोडते. १७६० च्या पावसाळ्यात यमुनेच्या पुराने सदाशिवराव भाऊ आणि अब्दाली यांच्या सैन्यांना एकमेकांपासून दूर ठेवले होते. त्याच काळात दिल्लीत, पैशाच्या टंचाईपायी, दिवाण-इ-खासाच्या छताची चांदी उतरवून तिची नाणी पाडण्यात आली. १७ ऑक्टोबरला भाऊंनी कुंजपुरा घेतला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, महिनाअखेरीपूर्वी, अब्दालीने बागपतजवळ नदी ओलांडली आणि मराठ्यांची दिल्लीची वाट तोडली. ज्या पाण्यावर भिस्त होती ते पाणी वेळेवर उतरले. रसद तुटलेल्या छावणीत दोन-अडीच महिने काढून १४ जानेवारी १७६१ रोजी उपाशी सैन्य रणात उतरले. नानासाहेब पेशव्यांस ही वार्ता कळली ती सावकारी पत्रातील सांकेतिक भाषेत: दोन मोती विरघळले, मोहरा गमावल्या, चांदी-तांब्याची गणतीच नाही. विश्वासराव आणि भाऊ यांच्यासाठी मोत्याचीच उपमा योजावी, यात जवाहिऱ्याच्या भाषेतील 'पाणी' न उच्चारता उपस्थित आहे.

त्यानंतर मराठीत 'पानिपत' हे सामान्यनाम झाले. १५२६ आणि १५५६ च्या लढायाही त्याच मैदानावर झाल्या, पण सर्वनाशाला ते नाव दिले ते मराठीने. उर्दू वाचकास हेच गाव अल्ताफ हुसेन हाली याचे जन्मस्थान म्हणून परिचित आहे. १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या काव्यविषयक 'मुकद्दम्या'पासून आधुनिक उर्दू समीक्षेचा आरंभ मानतात. एका भाषेत जे नाव शेवटाचे, तेच दुसरीत प्रारंभाचे. यांपैकी एक अर्थ खरा आणि दुसरा परका, असे कोणी म्हणू शकत नाही.

रहीमच्या कबरीवरील संगमरवर अठराव्या शतकात काढून सफदरजंगाच्या कबरीसाठी नेण्यात आला. वास्तूचे ते पाणी गेले; २०२० मध्ये पूर्ण झालेल्या जीर्णोद्धाराने काही अंशी परत आले. त्याच्या दोह्यातील पाणी मात्र कोणास उतरविता आले नाही. मराठी माणूस आजही कोणाचे पाणी जोखतो, कोणास पाणीदार म्हणतो, कोणाचा पाणउतारा झाला म्हणून हळहळतो. अशा वेळी तो लोहाराची भट्टी, फारसीचा दरबार आणि यमुनेचा काठ या तिहींचा वारसा नकळत बोलत असतो. कोशात हे अर्थ एकाखाली एक क्रमांकाने मांडलेले असतात. इतिहासात ते एकाच प्रवाहात मिळालेले आहेत.