पैसा पोहोचला, हे कशावरून?

श्रोतेहो, टेलिफोनचे किंवा इंटरनेटचे बिल घरबसल्या भरणे ही आता बालाघाटसारख्या जिल्ह्याच्या गावीही नित्याची गोष्ट झाली आहे. मोबाइलवर आपला ग्राहक क्रमांक घालावा, देणे रकमेचा आकडा दिसताच गुप्त अंक टिपावेत, आणि क्षणार्धात ‘रक्कम भरली’ अशी अक्षरे पडद्यावर उमटावीत. इतक्या सोप्या कामाला इतिहास तो कसला असणार, असे कोणासही वाटेल. परंतु कधी कधी पैसा खात्यातून वजा होतो आणि पडद्यावर एक चाक नुसते गरगर फिरत राहते. त्या वेळी मनात उठणारा प्रश्न फार जुना आहे. पैसा माझ्या हातून सुटला. तो ज्याचा त्याला पोहोचला की नाही? आणि वाटेत अडला, तर त्याचा जबाब कोणी द्यावयाचा? निरनिराळ्या काळांनी या प्रश्नाची कोणती उत्तरे शोधली, ते आज आपण पाहू.

आपल्या भागापासूनच आरंभ करू. बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून बनविण्यात आला. त्यातील वैनगंगेकाठचा सखल मुलूख १८५४ साली राज्य खालसा होईपर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. त्या काळी रोख रक्कम दूर न्यावयाची म्हणजे रुपयांच्या थैल्या माणसांच्या किंवा जनावरांच्या पाठीवर घालून न्यावयाच्या. नागपूरहून सिवनीमार्गे जबलपूरला जाणारा रस्ता याच टापूच्या शेजारून जातो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मध्य हिंदुस्थानातील रस्त्यांवर ठगांचा सुळसुळाट होता, आणि सावकारांचा पैसा घेऊन जाणारे वाहक हे त्यांचे आवडते सावज असे. कर्नल स्लीमन याने ठगांच्या बंदोबस्ताची सूत्रे हलविली ती जबलपूरहूनच. ठगांचा बीमोड झाल्यावरही रस्ते निर्धोक झाले असे नाही. १८५७ च्या धामधुमीत दक्षिणा मिळविण्यासाठी उत्तरेकडे गेलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडशांनी आपल्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथात स्वतः सोसलेली लुटालूट सांगून ठेवली आहे. मिळविणे एक आणि ते घरी पोहोचविणे दुसरे, हे त्या काळच्या प्रवाशाला पुरेपूर ठाऊक होते.

या अडचणीवर व्यापाऱ्यांनी काढलेली तोड म्हणजे हुंडी. एका गावच्या पेढीवर पैसे भरावेत, तेथून कागद घ्यावा, आणि दुसऱ्या गावच्या पेढीने तो कागद पाहून पैसे द्यावेत. पैसा जागचा हलत नसे; हलत असे तो केवळ शब्द. पाहताक्षणी पैसे देण्याची ती दर्शनी हुंडी, आणि ठरलेल्या दिवसांनी देण्याची ती मुदती. या सोयीबद्दल पेढी हुंडणावळ घेई. नाणी भिन्न असली तर त्यावर बट्टाही पडे.

हुंडीच्या रचनेत जी सावधगिरी भरलेली होती ती पाहून आजच्या माणसाने थक्क व्हावे. रक्कम नुसती आकड्यात लिहून भागत नसे. शंभर रुपयांची हुंडी असेल तर आकडा, मग अक्षरे, आणि त्यानंतर ‘निमे पन्नास, त्याचे दुप्पट पुरे शंभर’ अशा अर्थाचा मजकूर लिहीत. एका शून्याची खाडाखोड करून कोणी शंभराचे हजार करू म्हटले, तर उरलेले शब्द त्याचे पितळ उघडे पाडीत. शहाजोग नावाच्या हुंडीचे पैसे वाटेल त्याच्या हाती पडत नसत. बाजारात ज्याची पत आहे अशा शहामार्फतच ते द्यावयाचे असत, आणि हुंडी खोटी निघाली तर पैसे परत करण्याची जबाबदारी त्या शहावर येई. हुंडी वाटेत गहाळ झाली तर दुसरी प्रत लिहून देत, तिला पैठ म्हणत. पैठही हरवली तर परपैठ. मूळ कागद व प्रती यांचा मजकूर परस्परांशी जोडलेला असल्यामुळे एका रकमेसाठी दोनदा पैसे उचलणे अवघड होई. आपण आज ज्याला व्यवहार क्रमांक म्हणतो, त्याचे काम ही पैठ-परपैठ आपल्या रीतीने करीत असे.

तथापि या व्यवस्थेत एक मोठी उणीव होती. ती पेढीवाल्यांची होती, आणि पेढीवर ज्याची ओळख त्याचीच होती. धान कापणाऱ्या मजुराला, बैलगाडी हाकणाऱ्याला, परगावी चाकरीस राहिलेल्या शिपायाला हुंडी कोण लिहून देणार? पाच रुपये घरी पाठवावयाचे तर गावाकडे जाणारा कोणी विश्वासू माणूस गाठावा आणि त्याच्या धोतराच्या गाठीवर भरवसा ठेवावा, याखेरीज त्याला दुसरा उपाय नव्हता.

ही उणीव भरून काढली ती डाकखात्याने. हिंदुस्थानात १८८० साली मनीऑर्डरचे काम डाकखान्याकडे आले आणि सामान्य माणसाच्या जीवनात एक शांत क्रांती घडली. मनीऑर्डरचा कागद आठवून पाहा. पैसे भरताच डाकखाना पाठविणाऱ्याला पावती देई. पलीकडे पोस्टमन घरी येऊन रोख पैसे मोजून देई, आणि घेणाऱ्याच्या सहीचा कागद परत फिरून पाठविणाऱ्याच्या हाती येई. घेणारा निरक्षर असेल तर अंगठा उमटवीत, आणि त्या अंगठ्याला साक्षीदार लागे. शिवाय चार ओळी लिहिण्यापुरती जागा ठेवलेले एक कुपन घेणाऱ्याकडे राही. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या कोकणी माणसाच्या मनीऑर्डरीवर रत्नागिरी जिल्ह्यातील किती चुली पेटत होत्या, हे महाराष्ट्राला सांगावयास नको. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत वेस्टर्न युनियन या तारकंपनीने १८७१ सालीच तारेने पैसे पाठविण्याची सोय केली होती; पुढे आपल्याकडेही तारेची मनीऑर्डर आली. परंतु वेगापेक्षाही मोठी गोष्ट होती ती उलट टपाली येणाऱ्या सहीची. अंगठ्याचा तो निळा ठसा पाहिला की पाठविणाऱ्याचा जीव भांड्यात पडे. ‘पैसा पोहोचला, हे कशावरून?’ या प्रश्नाला गरिबाच्या हाती पडलेले हे पहिले लेखी उत्तर होय.

आता टेलिफोनकडे वळू. कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे १८८२ साली टेलिफोनची केंद्रे सुरू झाली. परंतु लहान गावांत हे यंत्र दीर्घकाळ कचेऱ्या, व्यापारी आणि डॉक्टर यांच्यापुरतेच राहिले. बाहेरगावी बोलावयाचे तर ट्रंककॉल नोंदवून ताटकळत बसावे लागे. मधल्या माणसावाचून थेट दुसऱ्या गावी क्रमांक फिरविण्याची सोय १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्या दरम्यान प्रथम झाली. पुढे देशी बनावटीचे लहान केंद्र १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे बसले आणि खेड्यांपर्यंत टेलिफोन नेण्याचा मार्ग मोकळा झाला.

या काळातील बिलाची कथा मोठी उद्बोधक आहे. १९८५ पर्यंत डाक आणि टेलिफोन एकाच खात्याच्या छत्राखाली होते, त्यामुळे टेलिफोनचे बिल डाकखान्याच्या खिडकीवर भरणे हे ओघानेच आले. तेथे शिक्का मारलेली पावती मिळे, आणि ती वर्षानुवर्षे एका दोऱ्यात ओवून ठेवणारी घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. परंतु आपण किती बोललो हे मोजणारे मीटर मात्र टेलिफोनच्या केंद्रात असे. ते ग्राहकाला दिसत नसे. विजेचे मीटर भिंतीवर पाहता येते, दुधाचे माप डोळ्यांसमोर भरले जाते. टेलिफोनचे माप मात्र दुसऱ्याच्या घरी! म्हणून फुगलेल्या बिलांच्या तक्रारी अखंड चालत. चौकाचौकांत एसटीडीच्या पिवळ्या पाट्या झळकू लागल्या तेव्हा लोकांना जे समाधान वाटले त्याचे एक कारण हेही होते की, तेथे बोलणे चालू असताना आकडा समोर पळताना दिसे आणि फोन खाली ठेवताच छापील चिठ्ठी हाती पडे.

पुढील पायऱ्या आपल्या डोळ्यांदेखत चढल्या गेल्या. १९९५ साली सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले. २००० साली सरकारी टेलिफोन सेवेचे भारत संचार निगम झाले. २००५ मध्ये एनईएफटी, २०१० मध्ये तत्क्षणी पैसे पोहोचविणारी आयएमपीएस, आणि २०१६ मध्ये यूपीआय अशा वाटा बांधल्या गेल्या. त्याच २०१६ साली सर्व प्रकारची बिले एका ठिकाणी भरण्याची भारत बिल पेमेंट ही व्यवस्था कामास लागली. साधा फोन बाळगणाऱ्यांनाही यूपीआय वापरता यावे म्हणून २०२२ मध्ये वेगळी सोय झाली. इकडे तारखाते २०१३ साली मिटले, आणि जुन्या पद्धतीची मनीऑर्डर २०१५ साली थांबली.

श्रोतेहो, या नव्या व्यवस्थेचे अंतरंग पाहिले तर जुन्या हुंडीचीच आठवण येते. आपण बालाघाटात बसून इंटरनेटचे बिल भरतो तेव्हा आपले ॲप व आपली बँक ही एका बाजूची पेढी. इंटरनेट कंपनीचे बिल ज्या संस्थेमार्फत येते ती दुसऱ्या बाजूची पेढी. आणि या दोहोंची गाठ घालून देणारे एक मध्यवर्ती केंद्र. बिलाची रक्कम प्रथम तिकडून मागविली जाते, आपण ती मान्य करतो, आणि निरोप उलट दिशेने जातो. येथेही तत्क्षणी हलतो तो शब्दच. पेढ्यांचा आपापसांतील हिशेब मागाहून मिटतो. मात्र हुंडीच्या काळी चूक झाली तर ओळखीच्या सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसता येत असे. आता ओटा कोठे आहे हेच दिसत नाही. बँक म्हणते कंपनीला विचारा, कंपनी म्हणते बँकेला विचारा, अशी टोलवाटोलवी अनेकांनी अनुभवली असेल.

म्हणूनच जबाबदारीचा प्रश्न अखेर नियमाने सोडवावा लागला. रिझर्व्ह बँकेने २०१९ साली ठरवून दिले की, यूपीआयने दुकानदाराला वा कंपनीला देताना रक्कम खात्यातून गेली पण समोर पोहोचल्याची खूण मिळाली नाही, तर ती पाच दिवसांच्या आत आपोआप परत जमा व्हावी, आणि विलंब झाल्यास दररोज १०० रुपये भरपाई मिळावी. त्यापूर्वी २०१७ मध्ये असेही ठरले की, बँकेचा किंवा ग्राहकाचा दोष नसताना कोणी तिऱ्हाईताने खात्यातून पैसे काढले आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकाने बँकेस कळविले, तर नुकसान ग्राहकाच्या माथी पडू नये. परंतु आपला गुप्त अंक आपणच दुसऱ्याला दिला असेल, तर बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान आपल्यालाच सोसावे लागते.

या शेवटच्या वाक्यापाशी क्षणभर थांबणे अगत्याचे आहे. शाळेत शिकविणाऱ्या माणसाकडे पूर्वी लोक मनीऑर्डरचा कागद भरून घ्यावयास येत. आज तेच लोक मोबाइल पुढे करतात आणि गुप्त अंकही मोठ्याने सांगून मोकळे होतात. त्यांत लबाडी नसते, भोळेपणा असतो. त्यांच्या लेखी अक्षर ओळखणारा मनुष्य म्हणजे विश्वासाचा मनुष्य. परंतु हा गुप्त अंक म्हणजे आजच्या काळाचा अंगठा होय, आणि मनीऑर्डरवरील अंगठ्याला जो साक्षीदार लागत असे, तो या अंगठ्याला नाही. दुरून बोलणाऱ्या भामट्याला हे पक्के ठाऊक असते. ‘आपले बिल थकले आहे, आज रात्री जोडणी तुटेल’ असा धाक घालून तो हाच अंगठा मागतो. एकेकाळी पैशाच्या वाटेवर ठग बसत. त्या वाटेने माणसाला निदान चालत जावे लागे. आता वाट घरात आली आहे.

यास्तव तीन गोष्टी घराघरांत सांगितल्या पाहिजेत. पैसे घेण्यासाठी गुप्त अंक कधीच लागत नाही, तो केवळ देण्यासाठी लागतो. व्यवहार क्रमांक ही आपली पावती असून, बिल भरल्यावर तो जपून ठेवावा, जमल्यास वहीत उतरून घ्यावा. आणि फसगत झाल्याचे ध्यानी येताच लाज न बाळगता १९३० या क्रमांकावर व आपल्या बँकेस कळवावे. कारण येथे दिवसांची नव्हे, घटकांची किंमत असते. आमच्या शाळांतून व्याजाची आणि नफातोट्याची गणिते आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो. पावती कशी वाचावी, तीत रक्कम, तारीख, नाव आणि क्रमांक कोठे पाहावयाचे, हे शिकविण्यास एक तासही पुरेसा आहे. आणि तो तास मुलांबरोबर त्यांच्या आजीआजोबांनाही देता येईल.

सावकाराने अर्ध्या-दुपटीने लिहिलेली रक्कम, पोस्टमनने आणलेला निळा अंगठा, खिडकीवरचा शिक्का आणि पडद्यावरचा लांबलचक क्रमांक ही एकाच प्रश्नाची चार उत्तरे आहेत. यंत्र नवे आले म्हणून तो प्रश्न विचारणे आपण सोडू नये. पैसा दिल्यानंतर ‘पोहोचला, हे कशावरून?’ असे विचारण्यात संशय नाही, अडाणीपणा तर मुळीच नाही. आपल्या आज्यापणज्यांनी तो प्रश्न सावकाराला विचारला आणि सरकारलाही विचारला. तो विचारीत राहिले म्हणूनच प्रत्येक काळाला त्याचे उत्तर लिहून द्यावे लागले.