सेल्माची वाट आणि चोखोबांची पायरी



वारी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं आळंदी-देहूची वाट उभी राहते. पण सातासमुद्रापार, अमेरिकेच्या दक्षिणेला अलाबामा राज्यातही अशीच एक वाट आहे. सेल्मा गावापासून माँटगोमेरी शहरापर्यंत 54 मैल, म्हणजे सुमारे 87 किलोमीटर. तिच्या टोकाला राऊळ नाही, राज्याचं विधान भवन आहे. तरी चर्चच्या मंडळ्या बसगाड्या करून तिथं जातात. का जातात, हे आपण वारकऱ्यांनी समजून घेण्यासारखं आहे.

तिथल्या काळ्या माणसांना मताचा हक्क कागदावर होता. पण यादीत नाव घालायला गेलं की अवघड परीक्षा, धमक्या, मारहाण. फेब्रुवारी 1965 मध्ये जिमी ली जॅक्सन हा तरुण पोलिसाच्या गोळीनं गेला. तेव्हा 7 मार्चला, रविवारी, सेल्माच्या ब्राउन चॅपल चर्चमधून सुमारे 600 माणसं पायी निघाली. एडमंड पेटस पूल ओलांडताच पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला. पुढं चालणाऱ्या जॉन लुईस यांचं डोकं फुटलं.

डॉ. मार्टिन ल्यूथर किंग हे स्वतः धर्मोपदेशक. त्यांनी हाक दिली आणि देशभरातून पाद्री, जोगिणी, ज्यू रब्बी धावून आले. जेम्स रीब नावाच्या गोऱ्या पाद्र्याला तिथं मारहाण झाली, त्यातच ते गेले. तरी माणसं मागं हटली नाहीत. 21 मार्चला कोर्टाची परवानगी आणि सैन्याचा बंदोबस्त घेऊन पुन्हा निघाली. रात्री शेतात तंबू, वाटेत पाऊस, पायाला फोड. 25 मार्चला माँटगोमेरीत पोचली तेव्हा सुमारे 25,000 माणसं झाली होती. त्यात चाललेले रब्बी हेशेल पुढं म्हणाले की, आपले पायच प्रार्थना करताहेत असं मला वाटत होतं. वारकऱ्याला याचा अर्थ फोडून सांगायला नको. 6 ऑगस्टला मताच्या हक्काचा कायदा झाला.

आता ही वाट सरकारनं ऐतिहासिक मार्ग म्हणून जपली आहे. इव्हँजेलिकल कव्हेनंट नावाच्या पंथाची तिकडं एक यात्रा असते, तिचं नाव सांकोफा. हा घाना देशातल्या अकान लोकांचा शब्द. मागं राहिलेलं परत जाऊन घेऊन यायचं, असा त्याचा अर्थ. बसमध्ये वेगवेगळ्या वर्णांच्या माणसांची जोडी लावून शेजारी बसवतात. वाटेत बोलायचं, ऐकायचं.

तिकडच्या अशा यात्रांची ठिकाणं पाहा. बर्मिंगहॅमचं एक चर्च, जिथं 15 सप्टेंबर 1963 ला बॉम्ब ठेवून चार लहान मुली मारल्या. माँटगोमेरीचं 2018 साली उघडलेलं स्मारक, जिथं जमावानं मारलेल्यांच्या नावांचे 800 हून जास्त लोखंडी खांब टांगले आहेत, जिल्ह्यावार. कुणालाही आपल्या जिल्ह्याचा खांब शोधता येतो. त्या काळी गोऱ्यांची कितीतरी चर्चं गप्प बसली होती. म्हणून आज चर्चची माणसं तिथं जाऊन उभी राहतात. देवाच्या नावानं चालायचं, तर देवाच्या नावावर काय काय झालं तेही पाहायचं, एवढंच त्यांचं म्हणणं.

किंग 1959 मध्ये भारतात आले होते. केरळात पूर्वी अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या शाळेत त्यांची ओळख अमेरिकेतले अस्पृश्य अशी करून दिली. आधी त्यांना धक्का बसला, मग वाटलं, खरंच आहे.

ही गोष्ट ऐकली की आपलं लक्ष पंढरीकडं वळतं. आपली दिंडी निघाली तेव्हा विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडं नव्हतं. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर नामदेव पायरीपाशी आहे, तिथंच कितीतरी लेकरांची वारी संपायची. साने गुरुजींनी महाराष्ट्रभर फिरून लोकांना जागं केलं. मग 1 मे 1947 ला पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. 10 मेला ते सुटलं आणि दार उघडलं.

आपल्या शंभर वर्षांत हीही वर्षं आहेत. या स्मरणिकेत विणेकरी, चोपदार, अन्नदाते यांची नावं आली, ती यायलाच हवीत. पण पायरीवरूनच परत फिरलेल्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. निदान आठवण तरी ठेवता येईल. यंदापासून दिंडी पंढरीत पोचली की पोरासोरांना चोखोबांच्या समाधीपाशी घटकाभर थांबवावं. गुरुजी जिथं बसले त्या मठात न्यावं. काय झालं होतं ते जाणत्यांनी सांगावं, आणि मग एका रांगेत आत जावं. दर्शन तेच राहील. पण हे दार सगळ्यांसाठी कसं उघडलं, ते कळून घेतलेलं दर्शन असेल.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!