लग्नाच्या वहीवर दोन मालक

नाशिक रोडला चर्चमधलं लग्न लागतं ते सनई-बँडच्या गलक्यात नाही, बाकांवरच्या शांततेत. वधूवरांचं वचन झालं, अंगठ्या बदलल्या, की नवदांपत्य आणि दोन साक्षीदार टेबलाकडे वळतात. तिथे जाड वही उघडी असते. अर्धा तास शुभवर्तमान सांगणारे पाळक किंवा फादर आता वय, धंदा, बापाचं नाव विचारतात. त्या पाच मिनिटांपुरते ते सरकारी कारकून असतात.

ही दुहेरी नेमणूक 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने केली. लग्न कोणी लावायचं ते त्यात ठरलं. खास परवानगी नसेल तर वेळही ठरलेली, सकाळी सहा ते संध्याकाळी सात. अधिकार नसताना कोणी लग्न लावलं तर दहा वर्षांपर्यंत कैद. एतद्देशीय ख्रिस्ती लोकांसाठी त्याच कायद्यातलं प्रकरण वेगळं होतं: वराचं वय सोळाच्या वर, वधूचं तेरावर असलं की पुरे. आज ते एकवीस आणि अठरा आहे.

पण खरा पेच लग्न लावण्याचा नव्हताच. आधी लागलेल्या लग्नाचं करायचं काय?

नाशिकला हा प्रश्न पुस्तकी नव्हता. शरणपूरची ख्रिस्ती वसाहत 1850 च्या दशकातली. बाप्तिस्मा घेतला की घर तुटे आणि बायको माहेरी राही. नवऱ्याने दुसरं लग्न करावं तर चर्चला पहिली बायको दिसे, आणि पहिलं मोडावं तर हिंदू धर्मशास्त्रात वाट नव्हती. तेव्हा सरकारच मध्ये पडलं. कायदेपंडित हेन्री मेन यांच्या पुढाकाराने 1866 मध्ये धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा झाला. जोडीदाराने सहा महिने सोडलं तर कोर्टात जायचं. न्यायाधीश एकत्र राहायला नकार देण्याचं कारण विचारणार, मग वर्षभर खटला तहकूब. पुन्हा विचारल्यावरही नकारच आला तर लग्न मोडलं. वर्षभर थांबायला लावणारा हा कायदा त्या काळाच्या मानाने बराच समंजस म्हणायचा.

नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक यांचं लग्नही कोर्टाच्या या दारापर्यंत येऊ शकलं असतं. पती नारायण वामन टिळक यांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. ताटातूट झाली ती सहा महिन्यांपुरती नव्हे, काही वर्षांची. तरी वेगळं झालेलं हे जोडपं कोर्टात न जाता परत एकत्र आलं, आणि लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो 1900 मध्ये. बालपणी हिंदू पद्धतीने लागलेलं त्यांचं लग्न कायद्याच्या लेखी मधल्या काळातही शाबूतच होतं.

लग्न लावताना चर्चला असलेला अधिकार लग्न मोडताना मात्र नाही. कॅथलिक न्यायाधिकरणाने विवाह रद्दबातल ठरवला, तरी 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दिवाणी कायद्यापुरतं लग्न कायम, आणि त्यावर केलेलं दुसरं लग्न टिकणार नाही. 2017 मध्येही हीच भूमिका राहिली. चर्चच्या निकालाची प्रत पिशवीत ठेवून जोडपं पुन्हा न्यायालयाच्या पायऱ्या चढतं आणि अर्जाला कोर्ट फीचं तिकीट चिकटवतं. अशी तिकिटं वर्षानुवर्षं छापली ती नाशिक रोडच्याच सिक्युरिटी प्रेसने.